ओटल्याचीही मोजणी व्हावी

प्रति,
इंदूरच्या पुढील विकास आराखड्याचे काम पाहणारे सर्व नियोजक, अभियंते, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस

सविनय नमस्कार.

गोराकुंडाकडून मल्हारगंजाकडे जाताना दोन्ही हातांना ज्या अरुंद गल्ल्या फुटतात, त्यांतल्या एका गल्लीत आमचे घर आहे. माझे वय ६७ वर्षांचे असून जन्म याच घरातला आहे. सरकारी खात्यात ३४ वर्षे आरेखकाचे काम करून मी निवृत्त झालो, त्यामुळे मोजपट्टी हातात आली की काहीतरी मोजल्याशिवाय ती खाली ठेववत नाही. गेल्या हिवाळ्यात मी आमच्या गल्लीची मोजणी केली. सर्वांत चिंचोळ्या जागी एका घराच्या भिंतीपासून समोरच्या घराच्या भिंतीपर्यंत १५ फूट २ इंच अंतर भरले आणि त्याच जागी एका ओटल्यापासून समोरच्या ओटल्यापर्यंत ९ फूट ८ इंच. या दोन मोजण्यांत साडेपाच फुटांचा फरक पडतो. आमचा मोहल्ला म्हणून जे काही आहे ते प्रामुख्याने या साडेपाच फुटांत राहते, आणि पुढील आराखड्यात त्या साडेपाच फुटांचे काय होणार, एवढ्याच एका प्रश्नासाठी हे पत्र आहे.

आपल्यापैकी जे बाहेरगावाहून इंदूरला आले असतील त्यांच्यासाठी आधी ओटला म्हणजे काय ते सांगतो. महाराष्ट्रातले आमचे आप्त त्याला ओटा म्हणतात, आणि ओटा म्हटले की हल्ली त्यांच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा दगड येतो. आमच्याकडे शब्दाला माळवी आणि गुजराती शेजाराचा ‘ला’ लागला आहे. घराच्या जोत्याचाच रस्त्याकडे पुढे आलेला हा भाग असतो. त्याची उंची दीड ते अडीच फूट आणि खोली दोन ते तीन फूट असते, वर फरशी, एका बाजूला दोन-तीन पायऱ्या आणि बहुतेक ठिकाणी खालून वाहणारी नाली. माळव्याची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाणीही लवकर जिरत नाही, म्हणून जुन्या कारागिरांनी जोती उंच घेतली आणि त्या उंचीला टेकून हा बसायचा दगड तयार झाला. नकाशात तो एका रेषेपुरता असतो, तीही बहुधा तुटक. मी स्वतः अशा शेकडो तुटक रेषा काढलेल्या आहेत, आणि त्या वेळी त्या रेषेवर कोणी बसलेले असते हा विचार माझ्याही मनात आला नव्हता, हे आधीच कबूल करतो.

तर त्या रेषेवर दिवसभरात काय घडते ते पाहू. सकाळी कचरागाडीचे गाणे गल्लीच्या तोंडाशी ऐकू आले की ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या बादल्या ओटल्यांवर येतात. देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ साली इंदूर पहिले आले आणि पुढे वर्षानुवर्षे पहिलेच येत राहिले. त्याचे श्रेय गाड्यांच्या आखणीला आणि रात्री-बेरात्री रस्ते झाडणाऱ्या कामगारांना आहेच, त्यात वाद नाही. परंतु माणसांना सवय कशी लागली, हे मी ओटल्यावर बसून पाहिलेले आहे. सुरुवातीच्या महिन्यांत अर्ध्या घरांच्या बादल्यांत सगळे एकत्रच असे. गाडीवरचा माणूस काही बोलण्याआधीच समोरच्या ओटल्यावरून आवाज येई, ‘‘काकू, चहाचा चोथा सुक्यात नाही जात,’’ आणि काकू जरा रागावून, जरा ओशाळून तो चोथा काढून घेत. दंडाच्या पावतीने जे झाले नसते ते शेजाऱ्याच्या नजरेने झाले. ही नजर पडायला समोरासमोर, हाकेच्या अंतरावर आणि साधारण एका उंचीवर उभे राहण्याची जागा लागते, आणि ती जागा ओटल्याने दिली. दहा मजली इमारतीत कचरा खाली नेऊन एका मोठ्या डब्यात टाकला जातो. तिथे कोणाचा चोथा कोणत्या पिशवीत होता हे कोणालाच कळत नाही आणि कळावे अशी कोणाची इच्छाही नसते.

कचरागाडी गेली की पोह्यांचा वास, मग शाळेच्या रिक्षा, मग भाजीवाल्याची हातगाडी. हातगाडीवाला गाडी मध्ये उभी करतो आणि तराजू आमच्या ओटल्यावर ठेवतो, तोही गेल्या तीस वर्षांपासून, आधी त्याचे वडील ठेवत असत. दुपारी गहू निवडणे, उन्हाळ्यात पापड आणि बड्या वाळत घालणे, त्यांच्यावर कावळ्यांसाठी एक म्हातारी राखण बसवणे, असे चालते. गॅसची टाकी आणणारा आला आणि घरात कोणी नसले तर रिकामी टाकी शेजाऱ्याच्या ओटल्यावर आधीच ठेवलेली असते आणि पैसे त्याच शेजाऱ्याकडे दिलेले असतात. किल्ल्यांचे तर विचारूच नका. आमच्या घरात या क्षणी माझ्या स्वतःच्या किल्ल्या धरून चार घरांच्या किल्ल्या खुंटीला लटकत आहेत.

तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या समोरच्या रांगेतील एक वृद्ध मावशी एकट्या राहतात. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूत, दोघेही रोज रात्री फोन करणारे, नावे ठेवायला जागा नाही. मावशी सकाळी सातच्या सुमारास ओटल्यावर येऊन तुळशीला पाणी घालतात आणि वर्तमानपत्राची वाट पाहत बसतात. त्या दिवशी आठ वाजले तरी ओटला रिकामा होता आणि वर्तमानपत्र पायरीवर तसेच पडलेले होते. माझ्या पत्नीने शेजारच्या माळवी वहिनींना विचारले, वहिनींनी त्यांच्या मुलाला मागच्या गच्चीवरून उतरवले, आणि मावशी न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या. खुब्याचे हाड मोडले होते, बोलता येत होते, हाक मात्र बाहेर पोहोचत नव्हती. आज त्या काठी घेऊन पुन्हा ओटल्यावर बसतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी मदतवाहिन्या, हातात बांधायची यंत्रे आणि इतर कितीतरी उपाय निघाले आहेत, ते निघोत, त्यांची गरज आहेच. पण त्या दिवशी काम केले ते एका न उचललेल्या वर्तमानपत्राने, आणि ते पाहणाऱ्या डोळ्यांनी.

मोहल्ल्यात मरण आले तरी ओटलाच कामाला येतो. तिरडी बांधून होईपर्यंत गल्लीतली दोन्ही बाजूंची माणसे ओटल्यांवर बसून राहतात, कोणाला खुर्च्या मागवाव्या लागत नाहीत, आणि ज्या घराशी आदल्या महिन्यात पाण्याच्या मोटारीवरून भांडण झाले होते त्याच घरातून चहाची किटली येते.

आता उत्सवांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इंदूरच्या बाहेरचा माणूस हे शहर उत्सवांवरून ओळखतो आणि नियोजनाच्या बैठकीत उत्सव म्हणजे वाहतूक वळवण्याचा विषय ठरतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री येथे गिरण्यांच्या झाक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या कापडगिरण्यांच्या कामगारांनी विसर्जनाच्या मिरवणुकीत विजेच्या रोषणाईचे हलते देखावे आणण्याची ही परंपरा रुजवली. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली, बाकीच्यांचे भोंगेही एकामागून एक थांबले. कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न न्यायालयांत तीन दशकांहून अधिक काळ रेंगाळला, आणि त्या सगळ्या काळात झाक्या मात्र निघत राहिल्या. ज्या गिरणीत आता सूत निघत नाही तिच्या नावाचा देखावा रात्रभर शहरातून फिरतो आणि लोक त्याची वाट पाहतात. याचा अर्थ लावण्याचे काम मी समाजशास्त्रज्ञांवर सोपवतो.

माझा मुद्दा पाहणाऱ्यांचा आहे. त्या रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला ओटला दुपारी चारपासूनच भरू लागतो. सतरंज्या टाकून जागा धरल्या जातात. महू, देवास आणि धारहून पाहुणे येतात, लहान मुले मांडीवर झोपतात, आणि झाकी आली की त्यांना हलवून उठवले जाते. रस्त्यावर लाख माणसे असली तरी ओटल्यावरची बाई, म्हातारा आणि तान्हे मूल सुरक्षित असते, कारण ते रस्त्यापेक्षा दोन फूट वर असतात आणि त्यांच्या पाठीशी उघडे दार असते. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीतही हेच. टोरी कॉर्नरकडून राजवाड्याकडे गुलालाचे ढग उडवीत गेर सरकते तेव्हा ज्याला भिजायचे आहे तो खाली उतरतो आणि ज्याला नुसते पाहायचे आहे तो ओटल्यावर राहतो. रस्ता आणि घर यांच्यामध्ये अशी एक पायरी असल्यामुळेच उत्सवात किती सामील व्हायचे हे ज्याचे त्याला ठरवता येते. ज्या रुंद रस्त्यांवर दुकानांची शटरे थेट पदपथाला येऊन भिडली आहेत तेथे मधला पर्याय उरत नाही. माणूस एकतर गर्दीत असतो किंवा लोखंडी कठड्याच्या पलीकडे.

इंदूरचे वर्णन करताना आम्ही इंदूरकर लगेच नावे सांगू लागतो, आणि नावे सांगण्यासारखी आहेतही. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली येथल्या सिख मोहल्ल्यात झाला. सी. के. नायडूंच्या काळात ज्या होळकर संघाचा दरारा होता त्याने चार वेळा रणजी करंडक जिंकला. चित्रकार ना. श्री. बेंद्रे येथलेच आणि मकबूल फिदा हुसेन यांचे लहानपणही येथेच गेले. मात्र मोहल्ल्याचे स्वरूप जे मोठे होऊन निघून गेले त्यांच्यावरून कळत नाही, ते जे मागे राहिले आणि रोज एकमेकांना तोंड देत राहिले त्यांच्यावरून कळते. आमच्या गल्लीत मराठी घरे आता थोडी उरली आहेत. बाकी माळवी, गुजराती, जैन व्यापारी, आणि दोन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेली कुटुंबे आहेत. ही सगळी माणसे एकमेकांच्या घरात फारशी शिरत नाहीत, सोवळे-ओवळे आणि खाण्यापिण्याचे नियम आपापले आहेत, पण ओटल्यावर येताना कोणाला कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या आजीला हिंदी कधी शिकवली गेली नाही, ती अस्खलित माळवी बोलायची आणि ती सगळी ओटल्यावर शिकलेली होती. आमची मराठीही याच दगडावर घडली. ‘‘मी येऊन राहिलो आहे,’’ असे आम्ही म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात; हसू देत, आमचे येणे खरोखरच चालू असते.

या शहरात मराठी साहित्य संमेलन १९१७ साली भरले आणि पुढच्याच वर्षी, १९१८ साली, हिंदी साहित्य संमेलन भरले, ज्याचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. त्याच सुमारास एक तिसरा पाहुणा इंदूरच्या गल्ल्यांतून नकाशा हातात घेऊन फिरत होता, आणि आपल्या कामाशी त्याचा थेट संबंध असल्यामुळे त्याच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. होळकर दरबाराने त्यांना नगररचनेचा सल्ला देण्यासाठी बोलावले. १९१८ साली त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला, आणि १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते आले तेव्हा शहरात प्लेगची भीती होती. नकाशा घेऊन चालणारा हा साहेब दिसला की लोक घरात शिरत, कारण साहेब नकाशा घेऊन आला म्हणजे घरे पाडली जाणार, असाच त्यांचा अनुभव होता. ही भीती का आहे हे गेडिस यांनी समजून घेतले आणि महाराजांकडून एका दिवसापुरते शहराचे राज्य मागून घेतले. दिवाळीची मिरवणूक निघायची होती. जे रस्ते आणि जी घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असतील त्यांच्यावरून ही मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर केले. शहर झाडूपुशीला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, उंदीर होते, शेवटी राक्षस जाळला गेला. सफाई कामगारांना मिरवणुकीत मानाची जागा मिळाली आणि घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली गेली. स्वच्छतेत आजचे इंदूर पहिले येते तेव्हा मला शंभर वर्षांपूर्वीची ती मिरवणूक आठवते, आणि तिची आठवण एखाद्या चौकात फलकावर तरी असावी असे वाटते. हे आपले जाता जाता.

गेडिस यांची नगररचनेतली खरी शिकवण मात्र मिरवणुकीच्या पलीकडची आहे. जुन्या वस्तीतून सरळ रेषेत रुंद रस्ता कापून काढण्याला त्यांचा विरोध होता. असा रस्ता महाग पडतो, माणसे बेघर होतात, आणि उठवलेली माणसे शेजारच्या वस्तीत दाटी करतात, म्हणजे ज्या रोगावर औषध दिले तोच रोग वाढतो, असे ते मांडत. त्याऐवजी गल्लीगल्लीतून पायी फिरावे, प्रत्येक घर पाहावे, जे खरोखर मोडकळीला आले आहे तेवढेच काढावे, मिळालेल्या मोकळ्या जागी झाड लावावे किंवा विहीर दुरुस्त करावी आणि बाकीचे शाबूत ठेवावे, अशी त्यांची पद्धत होती. शल्यविशारद जसा आजारी भागापुरतीच कात्री चालवतो, तशी. या पद्धतीचा तपशील जगभरच्या नगररचनाकारांनी अभ्यासला. तिचा एक मोठा प्रयोग ज्या गावात झाला त्या गावाच्या पुढील आराखड्यात तिचा मान राखला जावा, ही अपेक्षा फार मोठी नसावी.

आता ओटल्याविरुद्ध जे बोलले जाते त्याकडे येतो, कारण त्यात तथ्य आहे आणि ते लपवून माझी बाजू भक्कम होणार नाही. पहिला आक्षेप नालीचा. ओटल्याखालून नाली जाते, वरची फरशी पक्की बसवलेली असते, त्यामुळे सफाई होत नाही, पावसात पाणी तुंबते. हे खरे आहे, आमच्या घरापाशीही झालेले आहे. दुसरा आक्षेप असा की रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आत येत नाही. हाही खरा. राजवाड्याचा मोठा भाग १९८४ साली कसा जळाला हे ज्यांनी पाहिले त्यांना जुन्या लाकडी वस्तीतली आग म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. आणि तिसरा आक्षेप, जो आपण सौजन्याने कमी बोलता पण मी स्पष्ट लिहितो, तो असा की आम्हीच ओटले वाढवत नेले. दोन फुटांचा ओटला आमच्यापैकी काहींनी साडेतीन फूट केला, कोणी त्यावर जाळी लावून खोली केली, कोणी पायऱ्यांऐवजी मोटारसायकलसाठी उतार रस्त्यात सोडला, कोणी दुकानाचा माल तिथे रचला. जाळी लावलेला ओटला हा ओटला राहत नाही. त्यावर कोणी बसत नाही, तो नुसता बळकावलेला रस्ता असतो, आणि तो काढायला माझी हरकत नाही. माझ्या भावकीतल्या एका घराचाही तो तसा आहे, हे लिहिताना मला माहीत आहे की येत्या गणपतीत मला तिथे जेवायला बोलावतील की नाही याची शंका आहे.

परंतु या तीन आक्षेपांचे उत्तर सगळे ओटले काढणे हे नाही, असे मी अनुभवाने सांगतो. नालीवर दीड-दीड फुटांच्या, हूक लावून उचलता येणाऱ्या फरश्या बसवल्या तर सफाई होते. आमच्या शेजारच्या दोन घरांनी स्वखर्चाने तसे केले असून गेले दोन पावसाळे तेथे पाणी तुंबलेले नाही. रुग्णवाहिकेला आडवे येणाऱ्या वस्तूंची मी गल्लीत मोजदाद केली. त्यात ओटल्यांपेक्षा उभ्या करून ठेवलेल्या दुचाकी आणि चारचाकी कितीतरी अधिक होत्या. नऊ फूट आठ इंचांतून छोटी रुग्णवाहिका निघू शकते. त्याच जागी एक मोटार उभी असेल तर १५ फुटांतूनही निघताना तिची ओढाताण होते. गाड्यांसाठी जवळपास एखादी सामायिक जागा आणि आगीसाठी गल्लीच्या तोंडाशी पाण्याची जोडणी यांचा विचार आधी व्हावा, दगडाचा नंतर.

आणि आता त्या गोष्टीकडे, जी माझ्या मते सर्वांत गंभीर आहे आणि जिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. आमच्या गल्लीत ओटला बहुतेक वेळा हातोड्याने जात नाही, तो कागदावर जातो. जुने घर विकले जाते किंवा भाऊ-भाऊ मिळून पाडतात. नव्या नकाशात तळमजल्यावर खांब आणि गाड्या, वर तीन किंवा चार मजले. घरात राहणारी माणसे पंधरा फूट वर जातात आणि रस्त्याच्या पातळीवर एक शटर, एक विजेच्या मीटरांची पेटी आणि एक पाण्याची मोटार उरते. आमच्या रांगेत गेल्या दहा वर्षांत अशी पाच घरे झाली. ती बेकायदा नाहीत, नियमांना धरून आहेत, आणि नवे राहणारे सज्जन आहेत. तरीही त्या पाच घरांसमोरून रात्री चालताना पाऊल आपोआप भरभर पडते, कारण तिथे कोणीच बसलेले नसते. मुले त्या भागात खेळत नाहीत. भाजीवाला तिथे थांबतो, पण आवाज वर टाकावा लागतो आणि पिशवी दोरीने खाली येते. त्या घरांतल्या माणसांना आम्ही नावाने ओळखतो, तोंडाने नाही. मावशींसारखा प्रसंग तिथे घडला असता तर कोणाच्या लक्षात आला असता, हे मला सांगता येत नाही. बाहेरच्या वळणरस्त्यालगत ज्या नव्या वसाहती उभ्या आहेत तिथे आमचीच मुले राहतात. तिथे बाग आहे, व्यायामशाळा आहे, दाराशी रखवालदार आहे; आई-वडिलांना मात्र संध्याकाळी काय करायचे ते समजत नाही, आणि आठवडाभर राहून ती कपड्यांची पिशवी उचलून गल्लीत परत येतात.

म्हणून माझे मागणे असे आहे. इंदूरची मागील विकास योजना २०२१ हे वर्ष नजरेसमोर ठेवून केलेली होती. पुढील योजनेत आणि बांधकामाच्या नियमांत जुन्या मोहल्ल्यांचा वेगळा विचार व्हावा. जेथे रस्त्याची मोजणी होईल तेथे भिंतीपासूनचे आणि ओटल्यापासूनचे असे दोन्ही आकडे लिहिले जावेत आणि ओटला चालू वापरात आहे की जाळी लावून बंद केलेला आहे, याचीही नोंद व्हावी. ही नोंद कार्यालयात बसून होणार नाही, त्यासाठी सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा दोन वेळी चालत यावे लागेल. जो नवे घर बांधील त्याने स्वतःच्या हद्दीच्या आत, रस्त्याची इंचभरही जागा न घेता, रस्त्याकडे तोंड करून ठरावीक लांबीचा बसता येईल असा ओटला ठेवला तर त्याला बांधकामाच्या क्षेत्रात थोडी सूट मिळावी. सूट मिळणार असेल तर बांधकाम व्यावसायिक ओटलाच काय, पारसुद्धा बांधतील. तळमजला संपूर्ण गाड्यांसाठी न सोडता रस्त्याच्या बाजूला निदान एक खोली माणसांची असावी, दार-खिडकीसह. उचलता येणाऱ्या फरश्यांचा एक नमुना ठरवून द्यावा म्हणजे घरमालकाला आपला ओटला नालीचा शत्रू न करता ठेवता येईल.

आणखी एक मागणी कायद्याला धरून आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. २०११ च्या जनगणनेतच इंदूरची लोकसंख्या २० लाखांच्या घरात होती. एखाद्या मोहल्ल्याचा आराखडा ठरताना त्या मोहल्ल्यातील माणसांशी बोलणे व्हायचे असेल तर ते हरकती आणि सूचनांच्या जाहिरातीपुरते नसावे. ती जाहिरात आमच्या गल्लीत वाचली जाते, पण वाचणारे साठीच्या पुढचे असतात आणि हरकत लिहायला बसेपर्यंत मुदत संपते. बैठक मोहल्ल्यात घ्या. सभागृहाचे भाडे लागणार नाही, बसायची जागा तयार आहे.

आमच्या बाजूने काय करता येईल तेही लिहितो. गल्लीतल्या २३ घरांपैकी १४ घरांनी वाढवलेला भाग स्वतः कापून मूळ मापावर आणण्याची तयारी दाखवली आहे, बाकीच्यांशी बोलणे चालू आहे. त्यांत भावकीतले ते घरही आहे. मी प्रत्येक घरासमोरचे माप, जोत्याची उंची, नालीची दिशा आणि झाडे दाखवणारा गल्लीचा नकाशा एकास पन्नास या प्रमाणात तयार केला आहे. ओटले त्यात तुटक रेषेने दाखवलेले नाहीत, पूर्ण रेषेने दाखवले आहेत. तो आपल्या उपयोगी पडणार असेल तर मी घेऊन येईन, अथवा आपण पाहायला या. अनंत चतुर्दशीला आलात तर गल्लीच्या तोंडाशी जागा धरून ठेवू, फक्त सहाच्या आत यावे लागेल, नंतर सतरंजी राखणे आमच्याही हातात राहत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक
गोराकुंड–मल्हारगंज परिसर, इंदूर